घरच्या नॅसचा प्रोसेसर बदलावा का? (एचपी मायक्रोसर्व्हर जेन८)

हळदुली
नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

अण्णांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता, १९७८ पासून. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरची निगेटिव्हची दोन कपाटं पाण्यात गेली, माळ्यावर होतं तेवढंच कोरडं राहिलं. ते तरी स्कॅन करून ठेवावं म्हणून दादाने पुण्याहून ऑफिसात मोडीत निघालेला एचपीचा मायक्रोसर्व्हर जेन८ (छोटा सर्व्हर) आणून दिला, तो माळ्यावरच असतो. आत सेलेरॉन जी१६१०टी (दोन कोर, २.३ गिगाहर्ट्झ), ४ जीबी रॅम, ४ टीबीच्या चार डिस्क. ओपनमीडियाव्हॉल्ट (नॅस चालवायची प्रणाली) टाकलंय, त्यावर सिनेमांसाठी जेलीफिन आणि फोटोंसाठी इमिच.

तक्रारी अशा. रात्री अण्णा टीव्हीवर सिनेमा लावतात तो दर दोन मिनिटांनी अडकतो. ११,००० स्कॅन इमिचमध्ये घातले तर चेहरे ओळखायचं काम नऊ दिवस चाललं होतं, आणि त्या नऊ दिवसांत बाकी सगळं गोगलगाय. आई म्हणते, तुमच्या डब्यापेक्षा केबलवाला बरा होता.

एका ओळखीच्यांकडे इंटेलचा झिऑन ई३-१२६५एल व्ही२ प्रोसेसर आहे, ४,५०० ला देतात म्हणाले. बसेल का? तापेल का? आणि मुख्य म्हणजे उपयोग होईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनी टाकला तरी चालेल, माळ्यावर अंधारच आहे.

गप्पिष्ट
अजाणकार हजर. नॅस म्हणजे काय? आमच्याकडे दूध नासतं, तेवढंच ठाऊक.

लॅमिंग्टन_रोडवाला
@गप्पिष्ट, घरातल्या सगळ्यांची सामायिक हार्डडिस्क समजा, केबलऐवजी राउटरला जोडलेली.

@हळदुली, डोळे झाकून घ्या. मी २०१८ मध्ये हाच उद्योग केला, अजून चालू आहे. जेन८ मध्ये एलजीए११५५ सॉकेट आहे आणि तुमचा जी१६१०टी मुळात आयव्ही ब्रिज पिढीतलाच, म्हणजे त्याच पिढीचा झिऑन ओळखायला बायोसची भानगड नाही. चार कोर, आठ थ्रेड, टर्बोत ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. जुना ३५ वॉटचा, हा ४५ वॉटचा. प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा नाही, नुसता हीटसिंक, आणि मागचा एकच मोठा पंखा सगळी हवा ओढतो. ४५ वॉट तो आरामात पचवतो. झिऑनचाच १२३० व्ही२ कोणी स्वस्तात दिला तरी मोहात पडू नका, तो ६९ वॉटचा. लोक चालवतात, पण मग पंख्याचा आवाज सहन करा.

घेताना चिपच्या पाठीवरचा कोड बघा. 'एसआर'ने सुरू होणारा असेल तर बाजारात विकलेला माल. 'क्यू'ने सुरू झाला तर कंपनीचा चाचणीचा नमुना, त्याला नमस्कार करून परत द्या. आणि या सॉकेटात पिना चिपला नसतात, बोर्डावर असतात. १,१५५ पिना, केसासारख्या. चिप तिरकी पडली की बोर्ड गेला. बाकी काम अर्ध्या तासाचं.

बिनपाण्याचा_मासा
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे सिनॉलॉजीचा डीएस९२०+ आहे, त्याचाही बदलता येईल का?

लॅमिंग्टन_रोडवाला
नाही. त्यातला सेलेरॉन जे४१२५ बोर्डाला सोल्डर केलेला असतो. रॅम वाढवा आणि गप्प बसा. विकत मिळणाऱ्या बहुतेक तयार डब्यांची हीच कथा.

चिकित्सक_चिंतोपंत
सगळे पाना घेऊन धावताहेत, पण हळू काय चाललंय ते कोणी विचारलंच नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

हळदुलीताई, पैसे देण्याआधी तीन गोष्टी इथे टाका.

सिनेमा अडकत असताना 'टॉप' कमांड चालवून प्रोसेसर किती टक्के आहे ते बघा. इमिचचं काम चालू असताना त्याच 'टॉप'मध्ये 'डब्ल्यूए'पुढचा आकडा आणि स्वॅप (रॅम संपली की डिस्कवर वापरायची जागा) किती भरलाय ते. 'डब्ल्यूए' म्हणजे प्रोसेसर डिस्कची वाट बघत हात बांधून बसलाय तो वेळ. तो मोठा असेल तर झिऑन आणा नाहीतर आणखी काही, तोही हात बांधूनच बसेल.

आणि तिसरं, अण्णा सिनेमा बघताना सबटायटल चालू ठेवतात का?

हळदुली
तिसऱ्याचं उत्तर लगेच: हो, कायम. त्यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. पण तुम्हाला कसं कळलं?? बाकीचं रात्री बघून सांगते.

गप्पिष्ट
चिंतोपंत पत्रिकाही बघतात का?

वऱ्हाडी_ठेचा
अकोल्याहून बोलून राहिलो. लॅमिंग्टनभाऊ, तुमचा ४५ वॉट मुंबईत पचत असन. आमच्या इकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, अन् माळा म्हणजे भट्टी. हीटसिंक शेवटी भोवतालच्या हवेनंच थंड होते ना बाप्पा, ते हवाच तापली तं तो काय करन? माह्या डब्याच्या डिस्क गेल्या उन्हाळ्यात ५४ अंशावर गेल्या होत्या. म्या डबा माळ्यावरून काढून देवघराच्या बाजूला ठेवला, खाली फरशी थंड रायते. प्रोसेसर तापला तं वेग कमी करून स्वतःले वाचवते. डिस्कले ते जमत नाही, ते सरळ मरते.

ताई, पयले तो डबा खाली आणा. बाकीचं मंग.

हळदुली
@ठेचा, खाली आणायला माझी हिंमत होत नाही. पाणी कुठवर आलं होतं ती रेघ भिंतीवर अजून आहे.

वऱ्हाडी_ठेचा
हे माह्या ध्यानातच नाही आलं. राहू द्या वरच. पहिल्या मजल्यावर उत्तरेकडची खोली असन तं पाहा.

माइनकाठची_माया
फ्रांकफुर्टहून. माझ्याकडे २०१५ पासून जेन८ होता, झिऑनही घातला होता, आणि मागच्या वर्षी सगळं विकलं. चार डिस्कसकट डबा रिकामा बसला तरी ४० वॉट घ्यायचा. म्हणजे दिवसाला ०.९६ युनिट, महिन्याला साधारण २९. इथे माझ्या करारात युनिटला ३२ सेंट पडतात. आता इंटेलच्या एन१०० वर आले, २०२३ मध्ये आलेली चिप, ६ वॉटची. चिमुकली आहे, पण तिच्यात क्विक सिंक (व्हिडिओचं रूप बदलायची सोय चिपमध्येच) आहे. ४के सिनेमा दुसऱ्या रूपात बदलून पाठवायचा तर घामही येत नाही.

जेन८ मध्ये नेमकं तेच मिळत नाही. १२६५एल व्ही२ मध्ये इंटेलचे ग्राफिक्स आहेत, पण जेन८ चा बोर्ड ते वापरूच देत नाही, चित्र मॅट्रॉक्सच्या चिपवरून येतं. आणि वापरू दिले असते तरी आयव्ही ब्रिजला १०-बिट एचईव्हीसी (सिनेमा आवळून ठेवायचा नवा प्रकार) हाताळता येत नाही, ते पुढे सातव्या पिढीपासून. तेव्हा सिनेमासाठी झिऑन घेत असाल तर थांबा.

लॅमिंग्टन_रोडवाला
मायाताई, हिशेब बरोबर, पण अर्धा. एक म्हणजे ४५ वॉट हा आकडा जोर लावल्यावरचा. रिकामं बसलेलं असताना सेलेरॉन काय आणि झिऑन काय, बिलात फरक शोधावा लागतो. दुसरं, एन१०० ला जेन८ सारखी ईसीसी (चूक पकडून सुधारणारी) रॅम कुठे? निगेटिव्ह पुरात गेल्यावर स्कॅन हीच मूळ प्रत. तिथे रॅमने एक बिट उलटा केला तर कोणाला विचारायचं? आणि तिसरं, नवा बोर्ड, रॅम, केस, पॉवर सप्लाय मिळून किती होतात ते सांगा. इथे ४,५०० ची गोष्ट चाललीय.

माइनकाठची_माया
ईसीसीचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर रविवारी भांडू, आत्ता ट्रेनमध्ये आहे.

शून्य_मिनिट
रेड (डिस्क अशा जोडायच्या की एक मेली तरी डेटा राहतो) म्हणजे बॅकअप नव्हे. (कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.)

हळदुली
@शून्य_मिनिट, एक प्रत दादाकडे पुण्याला असते, दर दिवाळीला डिस्क बदलतो. पूर दोन्हीकडे एकदम यायचा नाही अशी आशा.

बिनपाण्याचा_मासा
अवांतर: पुरात भिजलेल्या निगेटिव्हचं काय केलंत? आमच्या आजोळी चिपळूणला २०२१ मध्ये अल्बम गेले, ते आम्ही उन्हात वाळवले तर सगळी पानं एकमेकांना चिकटून बसली.

हळदुली
@मासा, अण्णांनी उलटं केलं. पाणी उतरलं तसं त्यांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं, एकही पट्टी सुकू द्यायची नाही. चिखलासकट स्वच्छ पाण्याच्या बादल्यांत ठेवल्या आणि एकेक पट्टी सोडवून, धुऊन, चिमट्याने दोरीवर लावली. सुकताना जिलेटीन चिकटतं, मग ओढलं की चित्रच सुटून येतं म्हणे. सातशेच्या आसपास पट्ट्या अशा वाचल्या. बाकीच्यांवर आता नुसते जांभळे ढग.

गप्पिष्ट
मी इथे टिंगल करायला आलो होतो. नमस्कार सांगा अण्णांना.

हळदुली
चिंतोपंत, हे घ्या आकडे.

सिनेमा, सबटायटल बंद: प्रोसेसर ८ टक्के. तोच सिनेमा, सबटायटल चालू: १०० टक्के, आणि अडकला. मी तीनदा करून बघितलं. अण्णांना वाटलं मी मुद्दाम बंद करतेय.

इमिच चालू असताना: 'डब्ल्यूए' ४० च्या वर, रॅम पूर्ण भरलेली आणि दोन जीबी स्वॅपही भरलेला.

चिकित्सक_चिंतोपंत
म्हणून विचारलं होतं. तुमच्या फायलींतली सबटायटल बहुतेक ब्लू-रे वरून आलेली पीजीएस प्रकारची असणार. ती अक्षरं नसतात, अक्षरांची चित्रं असतात. बऱ्याच टीव्हींवरच्या ॲपला ती दाखवता येत नाहीत. मग जेलीफिन काय करतं, तर सिनेमाची प्रत्येक फ्रेम उलगडतं, तिच्यावर ते चित्र चिकटवतं, पुन्हा आवळतं आणि पाठवतं. सेकंदाला २४ वेळा. दोन कोरांच्या सेलेरॉनचा पिट्टा पडणारच. सबटायटल बंद केलं की फाईल आहे तशी उचलून पाठवायची, ते हमालीचं काम, त्याला ८ टक्के पुरतात.

उपाय फुकट आहे. साध्या अक्षरांची, एसआरटी प्रकारची सबटायटल त्याच नावाने सिनेमाशेजारी ठेवा. ती टीव्ही स्वतः काढतो, सर्व्हरला तोशीस नाही.

दुसरं दुखणं रॅमचं. तुमचे टिफ (स्कॅनच्या फायली) केवढे आहेत?

हळदुली
एकेक सव्वाशे एमबी.

चिकित्सक_चिंतोपंत
मग काय! ४ जीबीत इमिच, त्याचा डेटाबेस, चेहरे ओळखणारं मॉडेल आणि वर हे टिफ. जेन८ मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत, ८ आणि ८ मिळून १६ जीबीपर्यंत जाते. आधी ती भरा.

शून्य_मिनिट
रॅम घेताना माझा मूर्खपणा करू नका. डीडीआर३ ईसीसी हवी, पण अनबफर्ड. सर्व्हरच्या भंगारात स्वस्तात मिळते ती बहुतेक रजिस्टर्ड असते. तीही ईसीसीच, खाचेत बसतेही झकास, आणि मशीन काही केल्या सुरू होत नाही. मी तशा दोन काड्या घेऊन तीन दिवस पॉवर सप्लायला शिव्या देत होतो. ओळखायची खूण लेबलवर: वेगाच्या आकड्याला लागून 'ई' असेल तर चालेल, 'आर' असेल तर नाही. त्या दोन काड्या अजून माझ्याकडे आहेत, कोणाला की-चेन करायची असेल तर सांगा.

लॅमिंग्टन_रोडवाला
चिंतोपंतांचं निदान मान्य, टोपी काढली. पण झिऑन मोडीत काढू नका. जी१६१०टी मध्ये एईएस-एनआय (एन्क्रिप्शनची चिपमधली सोय) नाही, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट केल्या की सगळं ओझं सेलेरॉनच्या मानेवर. एव्हीएक्स (जड गणिताची सोय) पण नाही. मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून एव्हीएक्सशिवाय सुरूच होत नाही, मी त्यातच अडकलो होतो. झिऑनमध्ये दोन्ही आहेत. (एव्हीएक्स२ मात्र नाही, त्याला पुढची पिढी लागते.) आणि चेहरे ओळखणं हे प्रोसेसरचंच काम. रॅमने वाट मोकळी होईल, पण चालायचं कोणी?

चिकित्सक_चिंतोपंत
चालायची घाई कोणाला आहे? एकदा ओळखून झालं की नवीन स्कॅन रोज वीस-तीस.

लॅमिंग्टन_रोडवाला
मॉडेल बदललं की सगळं पहिल्यापासून.

चिकित्सक_चिंतोपंत
बरं. पण आधी रॅम, मग मोजा, मग झिऑन. एकदम दोन्ही बदललं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

गप्पिष्ट
दोघांनी एकमेकांचं म्हणणं मान्य केलं. धागा बंद पडणार.

माइनकाठची_माया
रविवार झाला. भांडायला कोणी शिल्लक नाही की काय?

हळदुली
पाच आठवड्यांनी आले, हिशेब द्यायला.

आधी १६ जीबी रॅम घेतली, लेबलवरचा 'ई' दुकानदाराकडून व्हिडिओ कॉलवर दाखवून घेतला. एसआरटी सबटायटल टाकली. त्या दिवसापासून सिनेमा अडकलेला नाही. चिंतोपंतांच्या हुकमावरून चेहऱ्यांचं काम पुसून त्याच ११,००० फोटोंवर पुन्हा चालवलं: नऊ दिवसांचे पाच झाले.

मग झिऑन घेतलाच. मला माहितीये चिंतोपंत.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घालून बसलो. चारही डिस्क काढून क्रमाने चिकटपट्टीवर १ ते ४ लिहून ठेवल्या. बोर्डाचा ट्रे मागच्या बाजूने सरकून बाहेर येतो, पण त्याआधी सगळ्या केबल सोडवाव्या लागतात आणि हात जाईल एवढी जागा कुठेच नाही. अण्णा टॉर्च धरून. हीटसिंक निघाला तर खालची पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली. ती पुसायला अण्णांनी लेन्सचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्टुडिओतली कापसाची पुडी काढून दिली. चिप ठेवताना मी श्वास धरला होता, आणि अण्णा म्हणाले, "निगेटिव्ह कॅरिअरमध्ये ठेवतात तशी ठेव, कडेला धरून." बसली. तूरडाळीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट, हीटसिंक, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत.

सुरू केलं. प्रोसेसर ओळखला: चार कोर, आठ थ्रेड. डिस्क: शून्य.

चारही गायब. माझे हातपाय गार. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "वाचलेल्या निगेटिव्ह आहेत ना अजून कपाटात?" आहेत म्हटलं. "मग रडतेस कशाला, परत स्कॅन करू."

बंद करून पुन्हा उघडलं. चारही डिस्कची मिळून एकच रुंद केबल बोर्डाला लागते, ती मी टेकवली होती, दाबली नव्हती. दाबल्यावर टक् असा आवाज आला. चारही परत. लॅमिंग्टनभाऊ, तुमचा अर्धा तास माझ्याकडे अडीच तासांचा झाला.

चेहऱ्यांचं काम तिसऱ्यांदा: दोन दिवस आणि थोडे तास. ते चालू असताना अण्णांनी अख्खा सिनेमा बघितला, सबटायटलसकट. तापमान ठेचांसाठी: सर्व्हरच्या आयएलओच्या (लांबून नजर ठेवायच्या सोयीच्या) पानावर जोरात असताना ६१ दिसतं. पण डबा आता पहिल्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत आलाय.

वऱ्हाडी_ठेचा
६१ म्हणजे हिवाळ्यातले. मे महिन्यात परत सांगजा.

लॅमिंग्टन_रोडवाला
ती केबल सांगायची राहिली, चूक माझी. माझ्याही वेळी तेच झालं होतं आणि मी तर डिस्क मेल्या म्हणून बायकोला सांगूनही टाकलं होतं.

चिकित्सक_चिंतोपंत
नऊ, पाच, सव्वादोन. असे आकडे कोणी देत नाही हो, लोक नुसतं 'मस्त चालतंय' लिहून जातात. झिऑन घेतल्याचा गुन्हा माफ.

बिनपाण्याचा_मासा
आणि चेहरे बरोबर ओळखले का?

हळदुली
बहुतेक. एक गंमत झालीय. 'दादा' नाव टाकून शोधलं की त्याच्या फोटोंबरोबर १९८१ चे सात कृष्णधवल फोटो येतात, स्टुडिओच्या दारात कॅमेरा गळ्यात अडकवून उभा. ते अण्णा आहेत. मी दुरुस्त करायला गेले तर आई म्हणाली, राहू दे.

शून्य_मिनिट
जुन्या सेलेरॉनचं काय करणार? माझ्या की-चेनला जोडीदार हवाय.